इंजिनाला प्यायचं पाणी

फाल्गुनातला रविवार होता. धारूरच्या घाटाखालच्या वस्तीवर, घरापुढच्या कडुनिंबाखाली पिकअप उभी होती आणि तिचं बॉनेट उघडून जानकीबाई कमरेपर्यंत आत वाकली होती. पदर खोचलेला, कोपरापर्यंत हात काळे, दातात एक बारका पाना. ओसरीवर शिवकन्या पुस्तक घेऊन बसली होती. अंबाजोगाईच्या एका कॉलेजात ती ग्रंथपाल होती. महिन्यातला एखादा रविवार ती आईकडं यायची. येताना दोन पुस्तकं आणायची आणि त्यातलं एक तरी न उघडता परत न्यायची.

"शिवे, हिकडं ये. मोबाइलचा उजेड धर जरा."

शिवकन्या उठली. "माय, हरिबाकडं नेली असती तर? त्याचं कामच आहे ते."

"हरिबाकडं नेली की त्यो हे काढून फेकून देतो." जानकीबाईनं दातातला पाना काढला आणि काळ्या तळहातावर ठेवलेली वस्तू उजेडात धरली. लिंबाएवढी, पितळी, मधे स्प्रिंग. "व्हॉल्व्ह. इंजिन गार असलं की ह्ये दार लावून बसतं, पाणी रेडिएटरकडं जाऊ देत न्हाई. इंजिन तापलं की उघडतं. एवढंच काम. पर ह्याच्याबिगर इंजिन सकाळचं लवकर तापत न्हाई, अन् आडकलं तर तापून जळतं."

"मग हरिबा का फेकतो?"

"त्याला वाटतं, आपल्याकडं आधीच ऊन, कशाला पायजे? धारूरातल्या समद्या गाड्यांचा काढलाय त्यानं. म्या न्हाई काढू देत."

जुन्या व्हॉल्व्हची स्प्रिंग सैल पडली होती. जानकीबाईनं करवतीच्या पात्यानं बसायची जागा खरवडली, कागदी गॅस्केट तेल लावून चिकटवलं, नवा व्हॉल्व्ह बसवला आणि दोन्ही बोल्ट आळीपाळीनं थोडे थोडे आवळले. मग घरातून प्यायच्या पाण्याचा निळा जार खांद्यावर घेऊन आली आणि कूलंट मिसळून ते पाणी धारेनं रेडिएटरात ओतायला लागली.

नेमकी त्याच वेळी दगडाबाई डोक्यावर हंडा घेऊन वाटेनं चालली होती. शेजारच्याच घरातली, जानकीबाईच्याच वयाची. ती थांबली.

"अगं ए जानके! माणसाला प्यायला न्हाई, अन् तुझ्या इंजिनाला जारचं पाणी? उद्या त्याला लिंबू-साखर घालून दे."

"देईन की. तुझ्यापक्षा ते कमी कुरकुर करतंय."

"बघ गं शिवकन्ये, तुझी माय गाडीला माणूस समजती अन् माणसाला गाडी!" दगडाबाई हंडा सावरत हसत निघून गेली.

"ती म्हणते ते काही खोटं नाही," शिवकन्या म्हणाली. "बोअर आहे की आपला."

"बोअरचं पाणी हंड्याला कसं धरतंय बघितलंस का? पांढरा खडू. इंजिनाच्या पोटात बी तसंच धरतंय. मग ह्ये बिचारं दार उघडायचं कसं?"

शिवकन्यानं "हं" केलं. पुस्तकातलं पान तिच्या डोक्यात अर्धवट उघडंच होतं.

संध्याकाळच्या एसटीनं ती गेली. जानकीबाई थांब्यापर्यंत आली, शेवग्याच्या शेंगांची पिशवी तिच्या हातात दिली, खिडकीतून "बसायला जागा घावली का?" एवढंच विचारलं. दुसऱ्या दिवशी सकाळी सडा मारता मारता जानकीबाई अंगणातच खाली बसली. दगडाबाई धावत आली तोवर सगळं संपलं होतं.

*

शिवकन्या फारशी रडली नाही, आणि त्याबद्दल भावकीत थोडी कुजबुज झाली. तिनं सगळं नीट केलं. दहावा, तेरावा, घर आवरणं, कोठीतलं धान्य वाटून देणं. पिकअपची किल्ली तिनं चुलतभावाच्या, अभिमन्यूच्या हातात दिली. "तू चालव. वस्तीवरच्या बाया माल न्यायला तिच्यावर अवलंबून आहेत," म्हणाली. ती स्वतः आईच्या हाताखाली गाडी शिकली होती, लायसन्स पर्समध्येच होतं. पण आई गेल्यापासून ती त्या सीटवर बसली नव्हती.

अभिमन्यू भला माणूस. गाडीला त्यानं जिवापाड जपलं. रोज पुसायची, आरशाला फुलांचा हार, टायरांची हवा. मात्र तो उन्हाळा फार कडक गेला. टँकर दोन-दोन आठवडे आला नाही. अशा दिवसांत प्यायचं पाणी गाडीत ओतायला त्याचं मन धजलं नाही. जार तो म्हाताऱ्या माणसांच्या घरी पोचवायचा आणि रेडिएटरात बोअरचं पाणी भरायचा. ह्यात चूक आहे असं वस्तीवर कुणालाच वाटलं नाही. उलट, पोरगा शहाणा निघाला, असंच सगळे म्हणाले.

आश्विन लागला, डोंगरातल्या सीताफळांचे डोळे उघडले. फळावरच्या खवल्यांमधल्या रेघा पांढऱ्या पडून रुंद झाल्या की त्याला इकडं डोळा पडला म्हणतात. डोळा पडला की फळ तोडायचं, आणि तोडलं की दुसऱ्या दिवशीपर्यंत विकायचं. तिसऱ्या दिवशी ते नरम पडतं, मग व्यापारी हात लावत नाही.

दसऱ्याच्या सुट्टीत शिवकन्या वस्तीवर आली होती. पहिलाच माल निघायचा होता. साखराबाई आदल्या दिवसापासून डोंगरात होती. पस्तिशीची, काटक बाई, बोलायला फटकळ. दरसाल ती नवऱ्याबरोबर ऊसतोडीला जायची. पण यंदा तिनं मुकादमाकडून उचल घेतली नव्हती. गेल्या माघात ती तोडीवरून दोन दिवस वस्तीवर आली होती, तेव्हा जानकीबाईनंच तिला म्हटलं होतं, "दिवाळीपातूर फळं काढ, मी गाडी लावते. एक साल बसून तर बघ." साखराबाईनं बसायचं ठरवलं. आणि बोलणारीच निघून गेली.

"मुकादम परवा येऊन गेला," क्रेट रचता रचता साखराबाई म्हणाली. "म्हणला, अजून जागा हाय ट्रकात. म्या म्हणलं, सीताफळाचा पहिला माल जाऊ दे, मग सांगते. त्यो हसला. म्हणला, फळावर कुठं संसार हुतो का?"

"आज पोचंल की केजला," अभिमन्यू म्हणाला. "मोहनरावांचा ट्रक दिवस मावळायला पुण्याला निघतो. आपण दुपारीच टेकतो की न्हाई बघा."

मागं क्रेटांशेजारी दगडाबाई बसली. पुढं अभिमन्यू, साखराबाई आणि शिवकन्या. घाटाच्या दुसऱ्या वळणावर इंजिनाच्या तापमानाचा काटा वर चढायला लागला. तिसऱ्या वळणावर तो लाल रेघेला टेकला. चौथ्या वळणावर बॉनेटच्या फटीतून वाफ निघाली. अभिमन्यूनं गाडी कडेला घेतली, खाली उडी मारली आणि शिवकन्या "थांब, थांब" म्हणेपर्यंत फडकं धरून रेडिएटरचं झाकण फिरवलं.

उकळतं पाणी उसळून त्याच्या उजव्या हातावर आलं. तो ओरडला नाही, नुसता मागं सरकून मटकन खाली बसला.

दगडाबाईनं आपल्या बाटलीतलं पाणी त्याच्या हातावर धरलं. "कावून उघडलास रं गरम असताना? लहान हाईस का?"

"मला वाटलं पाणी कमी झालंय..."

"पाणी व्हतं की. तुझ्याच हातावर बघ की किती व्हतं ते!"

अर्ध्या तासानं इंजिन थोडं निवलं. अभिमन्यूच्या हातावर फोड आले होते. स्टिअरिंग धरणं शक्यच नव्हतं. तिघंही शिवकन्याकडं बघायला लागली. ती गाडीला वळसा घालून गेली, दार उघडलं आणि आईच्या सीटवर बसली. सीट पुढं ओढलेली होती. आई बुटकी होती. अभिमन्यूनं ती मागं सारली नव्हती, तोही बुटकाच. शिवकन्याचे गुडघे स्टिअरिंगला लागत होते, ती सीट तिनं तशीच राहू दिली.

थांबत, निववत, कमी वेगानं ती घाट चढून धारूरात आली. हरिबाचं गॅरेज रस्त्याला लागूनच होतं. दगडाबाई अभिमन्यूला घेऊन डॉक्टरकडं गेली, ती दोघं तिथूनच एसटीनं वस्तीवर परतणार होती. हरिबा पन्नाशीचा, पोटानं आणि स्वभावानं सैल. त्यानं वरच्या पाइपाला हात लावला, खालच्या पाइपाला लावला.

"इंजिन भट्टी, अन् पाइप गार. ताई, व्हॉल्व्ह आडकलाय. उघडंना." त्यानं दोन बोल्ट सोडले, वरचं झाकण उचललं. आतून काढलेला व्हॉल्व्ह पांढरा झाला होता. स्प्रिंगच्या वेटोळ्यांत खडू भरल्यासारखा क्षार बसला होता. नियमाप्रमाणं त्यानं जुना माल गिऱ्हाइकाच्या हातावर ठेवला. शिवकन्यानं तो नखानं खरवडला. फाल्गुनातल्या त्या रविवारी हीच वस्तू तिनं उजेड धरून पाहिली होती. पुरती पाहिली नव्हती इतकंच.

"फेका," हरिबा म्हणाला. "पुन्हा बसवूच नका. कटकटच न्हाई. पाच मिनटात मोकळं करतो तुमाला."

पाच मिनिटं. मागं क्रेट होते, उन्हाचा ताव चढत होता, फळं क्रेटातल्या क्रेटात गरम होत होती. साखराबाई ओलं गोणपाट त्यांच्यावर पसरत होती आणि दर मिनिटाला सूर्याकडं बघत होती.

"साखराबाई," शिवकन्यानं हाक मारली. "हरिबाभाऊ म्हणतात तसं केलं तर आत्ता निघू. नवा बसवायचा तर तासभर जाईल. फळं तुमची आहेत."

साखराबाईनं गोणपाट सोडलं. "मावशी असती तर काय केलं असतं?"

"नवा बसवला असता."

"मग मला काय इचारता? मला आज केजला पोचायचं न्हाई नुसतं. मला दिवाळीपातूर पोचायचं हाय. रोज ह्यो घाट चढायचाय." मग हरिबाकडं वळून, "बसवा हो. अन् हात जरा चालवा, जिभेपक्षा."

हरिबा हसला. "मावशीचीच शिष्या दिसता. त्यांनी बी मला येवढ्या वर्षांत एकदा व्हॉल्व्ह काढू दिला न्हाई. एकटीच गाडी धारूरात, व्हॉल्व्हवाली."

समोरच्या दुकानात दोनच व्हॉल्व्ह होते, दोन्ही धुळकट खोक्यांतले. हरिबा एक घेऊन आला आणि बसवायला वाकला, तसाच थबकला.

"थांबा. त्या असत्या तर आधी उकळून बघितला असता." 

"उकळून?"

"तुमाला म्हाईत न्हाई? हितं, ह्या चहाच्या टपरीवर. पातेल्यात सुतळीला बांधून सोडायच्या. पाणी उकळाया लागलं की दार उघडायला पायजे. न्हाई उघडलं तर दुकानदाराच्या तोंडावर. त्या म्हणे घरी बी चहाच्या पातेल्यातच परीक्षा घ्यायच्या."

शिवकन्याला हे माहीत नव्हतं. त्या घरातला चहा ती आयुष्यभर प्यायली होती. क्षणभर तिला हसू आलं आणि ते तिनं आवरलं नाही.

टपरीवाल्यानं एक पातेलं दिलं. सुतळीला लटकलेल्या व्हॉल्व्हभोवती हरिबा, साखराबाई, टपरीवाला आणि चहा प्यायला थांबलेले दोघंतिघं वाकून उभे राहिले. पाणी खदखदायला लागलं. व्हॉल्व्ह ढिम्म.

"मेलाय," टपरीवाला म्हणाला.

"तुझा चहा पिऊन मेला असंल," हरिबा म्हणाला आणि दुसरा आणायला धावला. त्याला धावताना धारूरनं बऱ्याच वर्षांत पाहिलं नव्हतं, असं पुढं टपरीवर बोललं गेलं.

दुसरा सोडला. पाणी पुन्हा खदखदलं. शिवकन्याचं लक्ष पातेल्यात कमी आणि साखराबाईच्या चेहऱ्यावर जास्त होतं. ती बाई ओठ घट्ट मिटून, देवाची आरती असावी तशी उभी होती. आणि मग पितळी झाकण आपल्या जागेवरून हळूच सरकलं. आधी नुसती फट. मग बोट जाईल एवढं दार.

"उघडलं!" साखराबाई अशी ओरडली की रस्त्यावरचा एक मोटारसायकलवाला थांबला.

हरिबानं जागा खरवडली, गॅस्केट बसवलं. रेडिएटरमधलं गढूळ पाणी सोडून दिलं, आत दोनदा पाणी फिरवलं. आता भरायचं होतं. गॅरेजातल्या पिंपात बोअरचंच पाणी होतं. शिवकन्या टपरीवाल्याकडं वळली. "जारचं पाणी मिळेल? अर्धा जार तरी."

"गाडीत घालायला?" त्यानं डोळे मोठे केले. "ताई, प्यायचं पाणी हाय त्ये. गिऱ्हाइकाला काय देऊ?"

"जानकीबाईची गाडी हाय रं," हरिबा बॉनेटच्या आतून म्हणाला.

टपरीवाला आत गेला आणि भरलेला जार स्वतःच उचलून आणला, झाकण फोडलं. "माझ्या पोरीचं दहावीचं सेंटर घाटाखाली व्हतं, तवा एसटी बंद पडलती. बाईंनी गाडी वळवून सोडलं तिला. वळवून! मागं माल भरलेला असताना. घाला, सगळं घाला."

शिवकन्या जार तिरपा धरून उभी राहिली. कूलंटनं हिरवं झालेलं पाणी बारीक धारेनं आत जात होतं, मधेच बुडबुडा यायचा, ती थांबायची, पुन्हा ओतायची. आईनं हे असंच केलं होतं. तेव्हा ती उजेड धरून उभी होती आणि मनात दुसरीकडंच होती. पण आईला तिचं नुसतं उभं असणंही पुरलं असावं. ह्या वेळी असं वाटण्यात तिला दुःख कमी आणि काहीतरी मिळाल्यासारखं जास्त वाटलं.

निघताना हरिबानं हात पुसत सांगितलं, "दोन-तीन किलोमीटर काट्यावर ध्यान ठेवा. मधी जाऊन थांबला म्हंजी झालं." 

काटा वर चढला. शिवकन्यानं पाय थोडा वर घेतला. तो मध्यावर आला, थोडा पुढं गेला, आणि जणू कुणी आत दार उघडल्यासारखा मागं येऊन मधोमध थांबला.

"थांबला का?" साखराबाईनं विचारलं.

"थांबला."

"मंग दाबा की! बैलगाडी हाकताय का?"

केजच्या अडतीवर ट्रकाच्या मागचं फाळकं लावायचं काम चाललं होतं. साखराबाई गाडी थांबायच्या आधीच उतरली. मोहनराव व्यापारी खुर्चीतून उठले, एका क्रेटातलं फळ उचललं, अंगठ्यानं देठापाशी दाबून पाहिलं, दुसऱ्या क्रेटाच्या तळातलं काढून पाहिलं.

"उशीर केलात बाई."

"उशीर झाला, फळ न्हाई झालं. बघा की नीट."

मोहनरावांनी आणखी एक फळ दाबलं. मग ट्रकाकडं तोंड करून ओरडले, "ए, फाळकं उघड रे! डोंगरचा माल आलाय." आणि साखराबाईला म्हणाले, "उद्या किती द्याल?"

"परवा देते. उद्या तोडते," ती म्हणाली. "परवापासनं रोज."

*

परतताना गाडी हलकी झाली होती. दिवस कलला होता, काटा मधोमध होता. साखराबाई पाय वर घेऊन बसली होती आणि मुकादमाला काय काय सुनवायचं ते आपल्याशीच घोकत होती. धारूरच्या अलीकडं एका वस्तीच्या फाट्यावर ट्रक उभा होता. तोडीला निघालेल्यांचा. गाठोडी, पातेली, बाजा, एक शेळी, आणि वर चढणारी माणसं. शिवकन्यानं वेग कमी केला. वाट मोकळी व्हायची होती.

असाच ट्रक तिच्या सहावीच्या वर्षी त्यांच्या वस्तीच्या शाळेसमोर उभा होता. वडील, सोमेश्वर, आणि माय दरसाल त्यात चढायचे. त्या वर्षी तिलाही न्यायचं ठरलं होतं, स्वयंपाकाला आणि भावकीतल्या बारक्या पोरांना सांभाळायला. कपडे बांधून झाले होते. आणि ऐन वेळी मायनं गाठोडं खाली टाकलं. कंबर धरलीय, म्हणाली. जोडीतली बाई नाही तर गडी एकटा काय तोडणार, वडीलही उतरले. लोक बरंच बोलले, पण शिवकन्याची शाळा सुरू राहिली. त्या हिवाळ्यात माय विहिरीच्या कामावर दगड वाहत होती, रोज, सकाळपासून. तिची कंबर कधीच धरली नव्हती. पुढं वडिलांनी जुनी पिकअप घेतली, ते गेल्यावर मायनं ती चालवली, शिवकन्या शिकली, नोकरीला लागली. इतकी वर्षं दोघी कंबरेचंच कारण धरून बसल्या. मायनं कधी खरं सांगितलं नाही, आणि शिवकन्यानं आपल्याला माहीत आहे हे कधी कळू दिलं नाही. घरात अशा गोष्टी बोलायची रीतच नव्हती.

ट्रक हलला. वाट मोकळी झाली. पण शिवकन्यानं गाडी पुढं घेतली नाही. इंजिन संथ चाललं होतं. तिनं दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवले आणि समोरच्या काचेकडं बघत, घरच्या बोलीत, साखराबाई ऐकतेय हे ठाऊक असूनही मोठ्यानं म्हणाली,

"माय, त्या साली तुझी कंबर धरली नव्हती. मला म्हाईत व्हतं. म्या शाळेच्या भिंतीआडून बघत व्हते. तू गाठोडं खाली टाकलंस तवा मला येवढं बरं वाटलं व्हतं की म्या तिथंच उड्या मारल्या." ती थांबली. "लई बरं केलंस, माय."